अजून किती राहिलंय?

सह्याद्रीत वाट ही वस्तू जमिनीवर थोडी आणि माणसांच्या तोंडी जास्त असते. जमिनीवर जी दिसते ती बहुतेक वेळा गुरांची. गुरांना गडावर जायचं नसतं. पाणी, गवत आणि दुपारची सावली एवढंच त्यांना हवं असतं. त्यामुळे ढोरवाटा मोठ्या आत्मविश्वासानं निघतात, करवंदीच्या जाळीपर्यंत जातात आणि तिथं संपतात. ट्रेकर त्या जाळीसमोर उभा राहून 'पुढं वाट असणारच' असं म्हणतो. म्हशीनं तसा शब्द कुणाला दिलेला नसतो.

खरी वाट पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर बसलेली असते. तिला मामा म्हणायचं. मुंबई-पुण्याचा मुलगा एरवी सख्ख्या मामाला दिवाळीलासुद्धा फोन करत नाही, पण माळशेजच्या रस्त्यावर खुबी फाट्याला एसटीतून उतरला की दिसेल तो पुरुष मामा आणि दिसेल ती बाई मावशी. गुराखी वयानं लहान निघाला तर दादा. हे नातं लावल्याशिवाय वाट विचारायची नाही, अशी इथली रीत आहे. मामाही या भाच्यांना पुरते ओळखून असतात. पाठीला सॅक, गळ्यात कॅमेरा, डोळ्यांत रात्रीच्या प्रवासाची अर्धी झोप. दर शनिवारी येतात, वाट विचारतात आणि सांगितलेली सोडून दुसऱ्याच वाटेनं जातात.

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, खिरेश्वरात भेटलेले एक मामा या कलेतले उस्ताद होते. अंगणात बसून घायपाताच्या वाखाचा दोर वळत होते. दोराचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, दोन्ही हात कामात गुंतलेले. त्यामुळे दिशा दाखवायला त्यांच्याकडं फक्त हनुवटी मोकळी होती. हनुवटीनं दाखवलेली दिशा साधारण अर्ध्या जुन्नर तालुक्याला पुरते.

"मामा, तोलारखिंडीत कसं जायचं?"

"जावा की असंच सरळ."

सरळ समोर त्यांचा गोठा होता. गोठ्यात बैल होता. तो आमच्याकडं बघत होता.

"मंग वढा लागंल. त्यो वलांडायचा नाय. मंग वढा लागंल, त्यो वलांडायचा."

"म्हणजे दोन ओढे आहेत?"

"वढा येकच. दोनदा लागतो."

आमच्या लीडरनं खिशातली वही काढली.

"फुडं आंबा लागंल. त्याच्या उजव्या अंगानं येक मोठी वाट जाती. लई मोठी. बैलगाडी जाईल येवढी."

लीडरनं 'आंबा, उजवीकडे, मोठी वाट' असं लिहून त्याच्याखाली रेघ मारली.

"तिनं जायचं नाय."

"बरं. आणि वेळ किती लागेल?"

मामांनी वळणं थांबवलं. आम्हाला बुटांपासून टोपीपर्यंत एकदा बघितलं. मग आमच्यातल्या एका धष्टपुष्ट गृहस्थांना पुन्हा एकदा, सावकाश बघितलं. "आमाला अर्धा तास," ते म्हणाले आणि परत दोराला लागले. बऱ्याच वेळानं, वळता वळताच, पुढचं वाक्य आलं. "तुमाला दिस मावळंल."

या उत्तरात खोटं काही नव्हतं. डोंगरातला माणूस वेळेच्या बाबतीत खोटं बोलत नाही, तो फक्त स्वतःच्या पायानं मोजतो. 'हे काय, हितंच' म्हणजे त्याच्या शेळ्या जिथपर्यंत चरायला जातात तिथपर्यंत. 'बिडी संपंस्तोवर' म्हणजे खरोखरच एक बिडी संपेपर्यंत, पण ती चढ चढताना ओढायची असते, हे शहरातल्या फुप्फुसांना कुणी सांगत नाही. आणि 'जरा लांब हाय' असं तो म्हणाला, तर सरळ पाठीमागं फिरून एसटी पकडावी. मी हा शब्दप्रयोग मोजक्याच वेळा ऐकलाय आणि त्या दर वेळी आम्हाला रात्र जंगलात काढायची पाळी आली आहे.

वाट विचारण्याचा दुसरा टप्पा चढ लागल्यावर सुरू होतो. आता 'कसं जायचं' हा प्रश्न उरलेला नसतो. आता एकच प्रश्न असतो आणि तो समोरून उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा असतो: अजून किती राहिलंय? उत्तरही एकच आहे. "बस, दहा मिनिटं." सह्याद्रीच्या कुठल्याही गडावर, कुठल्याही उंचीवर, पायथ्यापासून शंभर पावलांवर असा किंवा माथ्याच्या दरवाजाखाली, शिखर दहा मिनिटांवरच असतं. उतरणारा हे का सांगतो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. थोडी दया असते. थोडा सूडही असतो, कारण चढताना त्यालाही कुणीतरी हेच सांगितलेलं असतं आणि ही दहा मिनिटं आपल्यापाशी ठेवून घेण्यात अर्थ नसतो. ती पुढच्याला द्यायची.

खरं उत्तर देणारे फक्त दोघे. एक, लहान मुलं. राजमाचीच्या वाटेवर एक सात-आठ वर्षांची पोर शेळ्यांमागं चालली होती. हातात काठी, पायात भावाची असावी अशी मोठी चप्पल. आमच्यातल्या एकानं लाडात येऊन विचारलं, "काय गं, आलं ना आता उधेवाडी?" तिनं स्वच्छ सांगितलं, "आजून निम्मं बी नाय झालं." आमचे सगळ्यांचे चेहरे उतरले. "लहान आहे, तिला काय कळतंय," असं लीडर म्हणाला आणि आम्ही ते मोठ्या समाधानानं मान्य केलं. पुढं तिचं म्हणणं मिनिटाला मिनिट खरं ठरलं, पण त्या वेळी तिच्याकडून आम्हाला माहिती नको होती. आधार हवा होता.

दुसरे म्हणजे सरबतवाले. पण त्यांचं खरं जागेनुसार बदलतं. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. बारी गावातून निघाल्यावर वाट चुकायची सोय नाही, कारण लोखंडी शिड्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी त्यांवर माणसं आहेत. वाटेत टपऱ्या लागतात. खालच्या टपरीवर विचारलं तर, "लई राहिलंय अजून, सरबत घ्या." वरच्या टपरीवर विचारलं तर, "आलंच की आता, सरबत घ्या." दोन्ही उत्तरं बरोबर आणि दोन्हींचा शेवट सरबतात. आपण ज्या चढावर रिकाम्या सॅकनं धापा टाकतो त्या चढावरून ही माणसं पहाटे पाण्याचे कॅन, शेगडी, लिंबांची पिशवी आणि मॅगीचं खोकं डोक्यावर घेऊन आलेली असतात. तरी ट्रेकर त्यांना विचारतोच, "वीस रुपये? खाली तर दहाला मिळतं!" खालचं खालीच प्यायला हवं होतं, असं ते म्हणत नाहीत. नुसती लिंबं पिळत राहतात.

यात थोडा दोष सह्याद्रीच्या बांधणीचाही आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. काही थर कठीण निघाले, काही पोचट. ऊन-पावसानं पोचट थर झिजून उतार झाले, कठीण थरांचे उभे कडे राहिले. म्हणून इथला डोंगर कडा, पदर, कडा, पदर असा टप्प्याटप्प्यानं वर जातो आणि खालून बघणाऱ्याला फक्त पुढच्या टप्प्याची कड दिसते. ती कड म्हणजेच माथा, असं समजून माणूस जीव तोडून वर येतो. वर आल्यावर ऐसपैस सपाटी असते, झाडं असतात, वारा असतो आणि त्या सपाटीपलीकडं आणखी एक डोंगर मांडी घालून बसलेला असतो. लीडर तेव्हा "हे शेवटचं टेपाड" असं म्हणतो. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीनं हे विधान कधी ना कधी बरोबर ठरणारच.

तोलारखिंडीतून वर गेलेल्यांना हे जास्त सांगायला नको. खिंडीत वाघाचं कोरीव शिल्प आहे, पुढं कातळाचा चढ आहे, तिथं कठडे धरून माणूस वर येतो आणि हुश्श करतो. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आता पायरीशी आलं, असं त्याला वाटतं. तिथून पुढं सात टेकड्या आहेत. चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. पाचव्या टेकडीनंतर आमच्यातल्या त्या धष्टपुष्ट गृहस्थांनी देवाच्या नावाचाच उल्लेख जरा वेगळ्या सुरात केला. कात्रज ते सिंहगड या रात्रीच्या चालीत तर टेकड्या तेरा की सोळा, यावर पुण्यात अजून एकमत नाही. भरल्या पोटी मोजणारे तेरा सांगतात.

आता टेकड्या मोजायचं काम मोबाइल करतो. आधीच्या पिढीत हे खातं वेगळ्या लोकांकडं होतं. आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' ज्याच्या कपाटात तो माणूस आपोआप लीडर व्हायचा. चौकात वाट फुटली की सगळे त्याच्याकडं बघायचे आणि तो डोळे मिटून पान आठवायचा. काहींकडं सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा असे. घडी घालून घालून ज्या ठिकाणी नेमकं भोक पडलेलं असे, आम्ही नेहमी तिथंच असायचो. नकाशावर तुटक रेघेनं दाखवलेली वाट प्रत्यक्षात कारवीनं केव्हाच गिळलेली असे. पण त्या लोकांचा एक गुण होता. चुकले की ते कबूल न करता "आपण वरच्या अंगानं ट्रॅव्हर्स मारतोय" असं म्हणत, आणि आपण चुकलेलो नसून काहीतरी तांत्रिक करत आहोत, असं वाटून बरं वाटे.

मोबाइलवाला लीडर असं करत नाही. त्याच्याकडं आधी गेलेल्या कुणीतरी नोंदवलेला ट्रॅक असतो, पडद्यावर एक निळी रेघ. रेघेवर चालायचं, एवढंच. भीमाशंकरच्या जंगलात आम्ही अशाच एका निष्ठावान पोराच्या मागून चाललो होतो. उंच झाडी, खाली पाचोळा, वरून कुठंतरी शेकरूची चिरकी हाक. एका जागी रेघ अचानक काटकोनात डावीकडं वळली. वाट सरळ जात होती, रेघ डावीकडं. "रेघ म्हणतेय डावीकडं," पोरगा म्हणाला. आम्ही सगळे एकामागं एक डावीकडं वळलो. काटेरी झुडपं बाजूला सारत, ओरखडे घेत तीसचाळीस पावलं आत गेलो. रेघ एका मोठ्या धोंड्यामागं जाऊन थांबली होती. आम्हीही धोंड्यामागं जाऊन थांबलो. दाटीवाटीनं उभे राहिलो आणि इकडंतिकडं बघू लागलो.

"व्ह्यू पॉइंट असेल," कुणीतरी म्हणालं.

व्ह्यू नव्हता. समोर धोंडा होता.

"एखादं शिल्प? शिलालेख?" एका बाईंनी धोंड्यावर हात फिरवून बघितला.

पोरानं पडदा मोठा केला. "इथं तो सात मिनिटं थांबलाय. आणि मग आल्या वाटेनं परत गेलाय."

आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. ते फारसं बोलत नसत. त्यांनी धोंड्याकडं बघितलं, आजूबाजूच्या झाडीकडं बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "मंडळी, तो इथं कशाला आला असेल ते लक्षात येतंय का?"

क्षणभर शांतता. मग धोंड्यावर हात फिरवणाऱ्या बाई सगळ्यांत आधी मागं वळल्या आणि सॅनिटायझर कुणाकडं आहे ते विचारू लागल्या. त्या दिवशी पुढं रेघ आणखी दोनदा आडबाजूला गेली. पोटाचा त्रास असावा. आम्ही दोन्ही वेळा मुख्य वाटेवरच अदबीनं थांबलो आणि ती परत आल्यावर चालू लागलो.

रेघेखालोखाल विश्वास बाणांवर. सह्याद्रीत दगडांवर पांढऱ्या, पिवळ्या, भगव्या रंगात बाण काढलेले असतात. काढणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ते काढताना दगड हलतो का, हे कुणी बघत नाही. एका पावसाळ्यानंतर तोच दगड पालथा होतो आणि बाण आकाशाकडं बोट दाखवतो. दुसरा प्रकार लगोऱ्यांचा. माहीतगार मंडळी वाटेवर दगडावर दगड रचून खूण ठेवतात. त्या बघून हौशी मंडळींनाही रचाव्याशा वाटतात आणि मग एकाच पठारावर चहूकडं लगोऱ्या उभ्या राहतात. तिसरा प्रकार सर्वांत भरवशाचा. दगडावर ठळक अक्षरात 'जेवणाची व राहण्याची उत्तम सोय', खाली मोबाइल नंबर आणि त्याखाली बाण. हा बाण कधीही चुकत नाही. माणूस गडावर पोचो न पोचो, पिठलं-भाकरीपाशी नक्की पोचतो. मी कित्येकदा बघितलंय, भर धुक्यात हरवलेली टोळकी याच बाणांच्या आधारानं सुखरूप खाली येतात आणि वर दुसऱ्या भाकरीची ऑर्डर देतात.

बाणांपेक्षाही हुशार म्हणजे गावचं कुत्रं. पायथ्याला ते आपणहून सोबतीला येतं. लीडर त्याचं कौतुक करतो, कुणी त्याचं नाव 'शेरू' ठेवतं, फोटो निघतात. फाटा लागला की ते थांबतं, मागं वळून बघतं आणि बरोबर वाटेला लागतं. दोन-तीन फाटे असे झाले की सगळे लीडरला सोडून कुत्र्यामागं जाऊ लागतात. पण कुत्र्याचं आणि आपलं ठिकाण एक नसतं. त्याला माथ्याशी घेणं नाही. पहिलं मोठं झाड, मग पाण्याचं टाकं, मग देवळाची पडवी, असं जिथं जिथं माणसं डबे उघडतात तिथं ते नेमकं थांबतं आणि जमिनीवर बसून तुमच्या सॅककडं बघतं. डबा निघाला नाही तर त्याच्या चेहऱ्यावर अशी निराशा येते की हिशेबी माणूसही पारले-जीचा पुडा फोडतो. पुडा संपला की शेरू समोरून येणाऱ्या ग्रुपबरोबर खाली निघून जातो. त्या ग्रुपात त्याचं नाव 'टायगर' असतं.

या वाटा आपल्यासाठी केलेल्याच नाहीत, हे एकदा मनाशी धरलं की बरंच सोपं जातं. सोपारा, कल्याणच्या बंदरांतला माल घाटावर न्यायचा म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाट वापरात होता. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकायची, असं सांगतात. म्हणजे चढून चढून दमलेल्या माणसाकडून माथ्यावर पैसे घ्यायचे, ही पद्धत इथं बरीच जुनी आहे. आज काही ठिकाणी गडावर येणाऱ्यांकडून जी रक्कम घेतात तिच्या पावतीवर 'उपद्रव शुल्क' असं लिहिलेलं असतं. सातवाहनांनी प्रवाशांबद्दल इतकं स्पष्ट मत दगडावर कोरलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आणि या घाटवाटा अजून चालू आहेत. कोकणातल्या वाडीतली मुलगी घाटावर दिलेली असते. सासरच्या बांधावर उभं राहिलं की माहेरचं कौल खाली दिसतं. गाडीरस्त्यानं जायचं तर माळशेजचा वळसा घालून दोन एसट्या बदला, नाळेनं उतरलं की दुपारच्या जेवणाला आईकडं. अशाच एका नाळेत आमचा तांत्रिक कार्यक्रम चालू होता. मोठमोठे दगड, पायाखाली घसारा, वर कुठंतरी दोर लावलेला. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. लीडर एकेकाला ओरडून सूचना देत होता, "तीन ठिकाणी पकड ठेवा, खाली बघू नका!" तेवढ्यात खालून एक मावशी आल्या. नऊवारीचा काष्टा, डोक्यावर बोचकं, काखेत कोंबडा. "जरा सरका की," असं म्हणून त्या आमच्या दोराच्या बाजूनं वर निघाल्या. कोंबडा मान वळवून एकेका हेल्मेटकडं बघत होता. त्याला ही वाट नवीन नसावी.

"मावशी, कुठं निघालात?" लीडरनं विचारलं.

"ल्येकीकडं. जत्रा हाय." मग आमचे दोर, कड्या, पट्टे यांवर नजर टाकून, खऱ्या काळजीनं, "तुमचं काय हरवलंय का?"

पावसाळ्यात मात्र मावशी या वाटांना जात नाहीत. पावसाळ्यात आपण जातो. नाशिककडचा हरिहर गड घ्या. कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या, हात धरायला दोन्ही बाजूंना खोबण्या, आणि रुंदी अशी की एका वेळी एकच माणूस. ज्यानं या कोरल्या त्यानं शत्रू एकेकटा वर यावा असा विचार केला होता. जुलैतल्या रविवारी सकाळी दहाला वर जाणारे आणि खाली येणारे एकाच पायरीवर समोरासमोर भेटतात, हा विचार त्यानं केला नव्हता. "आधी तुम्ही उतरा." "नाही, आधी तुम्ही चढा." "जय शिवराय." "जय शिवराय." कुणीच हलत नाही. माझ्या वरच्या पायरीवर एक तरुण डाव्या हातानं खोबण धरून उजव्या हातानं फोनवर बोलत होता. खाली दरी, वर पाऊस, पाठीमागं साठ माणसं. "हो गं आई," तो म्हणत होता, "सपाटच आहे सगळं. बागेसारखं. हो, जेवलो."

आणि माथ्यावर पोचल्यावर धुकं. पावसाळी ट्रेकचा हा कळस. वर काहीच दिसत नाही. दहा पावलांवरचा मित्र दिसत नाही. पण लीडरचा वर्षानुवर्षांचा अभ्यास वाया जाऊन चालत नाही. कळसूबाईच्या देवळाशी उभा राहून तो पांढऱ्या शून्यात हात फिरवतो. "हा समोर अलंग. त्याला लागून मदन, मग कुलंग. इकडं रतनगड, त्याचं नेढं बघा स्पष्ट. आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी." सगळे माना डोलावतात. कुणीतरी विचारतं, "मदन म्हणजे तो टोकदार ना?" "नाही, तो नाही. त्याच्या डावीकडचा." डावीकडच्या धुक्याकडं सगळ्या माना वळतात. त्याचे फोटोही निघतात. पुढच्या आठवड्यात ते कुणालातरी दाखवताना हे कुठलं, असा प्रश्न येतो आणि फोटो उलटा तर धरला नाही ना, हे तपासावं लागतं.

उतरताना झाडं मदतीला येतात, असं म्हणतात. कारवी येते, हे खरं. घसाऱ्यावर पाय सुटला की हाताला कारवीचं खोड लागतं आणि ते सहसा मोडत नाही. सात वर्षांतून एकदा फुलणारं झाड बाकीची सहा वर्षं हेच करत असतं. करवंदी शर्ट धरते. खाजकुइली काहीच धरत नाही, तिला नुसतं टेकलं तरी पुरतं. बँकवाले काका एकदा तिला टेकले होते. त्यानंतर ते भरपूर बोलले.

गावात यावं तो अंधार पडलेला असतो. पारावर दोन-चार जण बसलेले असतात. दिवसभरात सापडलेलं एकमेव अचूक उत्तर इथं मिळतं.

"मामा, एसटी?"

"गेली की आत्ताच. तुमी त्या वळणावर होता तवा."

"दुसरी?"

"सकाळी साडेसहा."

याला दहा मिनिटं नाहीत, बिडी नाही, हनुवटी नाही. साडेसहा म्हणजे साडेसहा. मग दूध किंवा भाजी पोचवून परत चाललेला एखादा पिकअप थांबतो. मागं रिकामे कॅन खडखडत असतात, त्यांत आम्ही बसतो. आठ तासांची वाट बारा तास चालून, आंब्यापाशी दोनदा फिरून, त्या बैलगाडीच्या मोठ्या वाटेनं पाऊण तास भलतीकडं जाऊन आलेले, ओरखडलेले, खाजवणारे लोक. कुणी कुणाशी बोलत नाही. धष्टपुष्ट गृहस्थ एका कॅनला मिठी मारून झोपलेले. तेवढ्यात रेंज येते आणि लीडरचा फोन वाजतो. पलीकडं दुसऱ्या ग्रुपचा कुणीतरी असतो. त्यांना पुढच्या शनिवारी याच वाटेनं यायचंय, तर वाट कशी आहे, वाटाड्या लागेल का, असं तो विचारत असतो.

"छे, वाटाड्या कशाला?" लीडर म्हणतो. "एकदम मळलेली वाट आहे. चुकायला जागाच नाही. ओढा लागेल, आंबा लागेल, सरळ जायचं. अडीच-तीन तास."